ब्रह्मदेशाचे जडसनसाहेब : देव दिसेनासा झाला त्या वर्षांची हकीकत

आमच्या महाराष्ट्रातील जुन्या मंडळ्यांत गॉर्डन हॉल ह्यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा ख्रिस्ती मनुष्य विरळा. इ. स. 1813 च्या फेब्रुवारी महिन्यात ते व सॅम्युएल नॉट मुंबई बंदरी उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. परंतु हॉलसाहेबांबरोबर त्यांच्या देशी एकाच दिवशी, एकाच देवालयात, ज्या आणखी चौघांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांची दीक्षा झाली, त्यांपैकी एकाची हकीकत आपल्या खेड्यांतील बंधुभगिनींस फारशी ठाऊक नसावी. तो दिवस 6 फेब्रुवारी 1812 हा होता, गाव मॅसॅच्युसेट्स प्रांतातील सेलम, आणि त्या तरुणाचे नाव आडोनिराम जडसन. हॉल आपल्याकडे आले. जडसन ब्रह्मदेशात, ज्यास आता म्यानमार म्हणतात तेथे, गेले. त्यांचे सगळे चरित्र येथे देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या आयुष्यात तीनचार वर्षे अशी आली की ज्या देवासाठी त्यांनी घरदार सोडले तो देव त्यांस कोठेच सापडेना. त्या वर्षांविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे, कारण ह्याच दुःखाची गोष्ट आमच्या कानांवर वारंवार येते. ती सांगणारा बहुधा दबल्या आवाजात सांगतो, जणू काही त्याच्या हातून मोठे पातकच घडले आहे.

जडसन ह्यांचा जन्म 9 ऑगस्ट 1788 रोजी माल्डन गावी झाला. वडील पाळक होते. मुलगा अतिशय बुद्धिमान, आणि हा पुढे फार मोठा मनुष्य होणार अशी वडिलांची उमेद, व ती त्यांनी मुलाच्या मनात लहानपणापासून भरविली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. विद्यालयात हा मुलगा पहिला आला, परंतु तेथेच जेकब ईम्स नावाच्या एका हुशार मित्राच्या संगतीने त्याचा विश्वास उडाला. येशू हा देवाचा पुत्र नव्हे आणि शास्त्र हे देवाचे वचन नव्हे, असे त्याने विसाव्या वाढदिवसाच्या सुमारास आईबापांस स्पष्ट सांगितले. आई रडली, बापाने पुष्कळ वाद घातला, पण वादात मुलगाच सरस ठरला. मग तो घोड्यावर बसून जग पाहावयास निघाला. न्यूयॉर्क शहरी काही दिवस नाटकवाल्यांच्या टोळीत राहिला, आणि कंटाळून परत फिरला.

वाटेत एका रात्री तो एका खाणावळीत उतरला. मालकाने सांगितले की शेजारच्या खोलीत एक तरुण फार आजारी आहे, बहुधा जगणार नाही, त्याचा त्रास आपणांस होईल. रात्रभर कण्हणे ऐकू येत होते. जडसनच्या मनात येई की हा मनुष्य मरणास तयार असेल काय. आणि लगेच लाज वाटे की आपला विद्वान मित्र ईम्स हे विचार ऐकेल तर किती हसेल! सकाळी चौकशी केली तेव्हा तो तरुण मेला होता. नाव विचारले. तो जेकब ईम्सच होता.

ह्यानंतर थोड्याच महिन्यांत, 1808 साली, जडसन अँडोव्हर येथील धर्मशाळेत दाखल झाला आणि डिसेंबरात त्याने आपणास देवाच्या स्वाधीन केले. पुढे 5 फेब्रुवारी 1812 रोजी अ‍ॅन हॅसेल्टाइन ह्या बाईंशी विवाह, दुसऱ्या दिवशी दीक्षा, आणि त्याच महिन्याच्या 19 तारखेस जहाजावर. जूनमध्ये ते कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारास मिशनरी नको होते म्हणून त्यांस हाकलण्यात आले. कलकत्त्यासच बाप्तिस्म्याविषयी त्यांचे मत पालटले, आणि ज्या मंडळाने त्यांस पाठविले त्याच्याशी संबंध सुटला. त्या वादात आम्ही शिरत नाही. ते मॉरिशस, मद्रास असे फिरत 13 जुलै 1813 रोजी रंगून बंदरी पोहोचले. समुद्रातच अ‍ॅनबाईंस पहिले मूल मृत जन्मले. दुसरे मूल, रॉजर, आठ महिन्यांचे होऊन 1816 च्या मे महिन्यात वारले. पहिला ब्रह्मी शिष्य, माँग नाऊ, ह्याचा बाप्तिस्मा 27 जून 1819 रोजी झाला. म्हणजे देशात पाऊल ठेवल्यापासून सहा वर्षांनी! आमच्या ज्या उपदेशकांस दोन वर्षांत फळ दिसले नाही म्हणून आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, त्यांनी हा आकडा आपल्या वहीत लिहून ठेवावा.

1824 साली इंग्रज व ब्रह्मदेशाचा राजा ह्यांच्यात लढाई पेटली. जडसन पतिपत्नी तेव्हा आवा राजधानीत होते. सर्व गोरे लोक हेर आहेत असा संशय येऊन 8 जून रोजी जडसनसाहेबांस मुसक्या बांधून मृत्यूच्या तुरुंगात नेले. पायांत तीन बेड्या, पुढे पाच. रात्री बेड्यांमधून बांबू घालून तो वर ओढीत, म्हणजे कैद्यांचे पाय वर टांगलेले व केवळ पाठ आणि डोके जमिनीला. असे महिन्यांमागून महिने. अ‍ॅनबाई रोज दोन मैलांवरून चालत येत, अधिकाऱ्यांच्या दारोदार फिरत, लाच देत, अन्न आणीत. नव्या कराराचे ब्रह्मी भाषांतर तेव्हा फक्त हस्तलिखित होते. ते बाईंनी एका कठीण, ओबडधोबड उशीत शिवून नवऱ्याकडे दिले, की कोणास तिचा लोभ सुटू नये. कैद्यांस दुसरीकडे हलविले तेव्हा शिपायांनी ती उशी फेकून दिली. माँग इंग नावाच्या शिष्यास ती सापडली. आत काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते. केवळ गुरूची आठवण म्हणून त्याने ती घरी नेली, आणि काही महिन्यांनी कापसात कागद निघाले.

त्या दुसऱ्या तुरुंगाकडे, आँगबिनले गावी, कैद्यांस मे महिन्याच्या उन्हात अनवाणी चालविले. जडसनसाहेबांच्या तळव्यांस कातडी उरली नाही. तेव्हा एका इंग्रज कैद्याच्या बंगाली चाकराने आपल्या डोक्याचे पागोटे फाडले, अर्धे आपल्या धन्यास दिले व अर्धे जडसनसाहेबांस पाय बांधावयास दिले. त्या बिचाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून आम्ही येथे मुद्दाम त्याची आठवण करितो. अ‍ॅनबाई तीन महिन्यांची मुलगी मरायाला घेऊन मागोमाग गेल्या व तेथे आजारी पडल्या. अंगावरचे दूध आटले. मग बापास परवानगी मिळून तो बेड्यांनिशी गावात घरोघर जाई आणि लेकुरवाळ्या बायांजवळ आपल्या तान्ह्या मुलीसाठी दूध मागे.

हे सगळे सोसताना त्यांचा विश्वास ढळला नाही. आश्चर्य हेच आहे. तुरुंगात त्यांस देव दूर वाटला नाही. वाटला तो सुटका झाल्यावर. आम्ही पुष्कळ वेळा समजतो की संकट जितके मोठे तितका विश्वासाला धोका मोठा. तसे नेहमी घडत नाही. दुष्काळात देवाला धरून राहिलेला कुणबी पुढे बरे पीक आल्यावर एका रात्री उगाच जागा राहतो आणि त्यास प्रार्थना सुचत नाही. संकटाच्या वेळी मनुष्य कंबर बांधून उभा असतो. ती सोडल्यावर दुखणे कळते.

1826 च्या फेब्रुवारीत यांदाबो येथे तह झाला. इंग्रज सरकारने दुभाषी म्हणून जडसनसाहेबांस पुन्हा आवा येथे जाण्याची विनंती केली. नव्या करारनाम्यात धर्मस्वातंत्र्याचे कलम घालवू अशी आशा त्यांस दाखविली होती. तेवढ्यासाठीच ते गेले. अ‍ॅनबाई व मराया अ‍ॅम्हर्स्ट गावी राहिल्या. ते कलम पडले नाही. आणि नोव्हेंबर महिन्यात काळ्या लाखेची मोहोर असलेले पत्र त्यांच्या हाती आले. मुलगी अशक्त होती, तेव्हा ती गेली असे समजून त्यांनी पत्र फोडले. मुलगी जिवंत होती. अ‍ॅनबाई 24 ऑक्टोबर रोजी तापाने वारल्या होत्या. वय 36 वर्षे. नवरा जवळ नव्हता. पुढच्या जानेवारीत साहेब घरी आले तेव्हा मरायाने बापास ओळखले नाही, तिने तोंड फिरविले. तीन महिन्यांनी, 24 एप्रिल 1827 रोजी, तीही गेली. त्याच वर्षी अमेरिकेहून पत्र आले की वडीलही वारले.

येथून त्यांचा काळोख सुरू झाला.

प्रथम कोणास काही कळले नाही, कारण काम चालूच होते. ते मोलमीन येथे राहावयास गेले, उपदेश करीत, भाषांतर करीत. पण अंतःकरणात एक विचार पोखरीत होता. आपण घर सोडले ते खरोखर प्रभूसाठी, की मोठे नाव व्हावे म्हणून? परदेशी जाणारे पहिले अमेरिकन मिशनरी हा मान आपणांस हवा होता काय? बापाने लहानपणी पेरलेले बी येथे उगवले, आणि त्यांस वाटू लागले की आपल्या बायकोचे व मुलीचे बळी ह्या गर्वाच्या वेदीवर पडले. मग त्यांनी गर्वाला उपटून काढण्याचा विडा उचलला. विद्यालयाने दिलेली धर्मपंडित ही पदवी त्यांनी 1828 साली जाहीरपणे परत केली. आपली खाजगी मिळकत मिशनला दिली. अमेरिकेतील नातलगांस लिहिले की माझी जुनी पत्रे नष्ट करा. लोकांकडे जेवावयास जाणे सोडले. जुन्या काळच्या एकांतवासी भक्तांची पुस्तके ते वाचू लागले व त्यांप्रमाणे देहाला दंड देऊ लागले.

इतक्यानेही समाधान होईना. गावाबाहेर जंगलाच्या कडेला त्यांनी बांबूची एक झोपडी बांधिली आणि अ‍ॅनबाईंच्या मृत्यूस दोन वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे 24 ऑक्टोबर 1828 रोजी, तीत एकटेच राहावयास गेले. तेथे त्यांनी एक कबर खणली. तिच्या काठावर बसून ते आपला देह आत कुजत आहे अशी कल्पना करीत. एकदा तर वाघांच्या रानात दूर जाऊन चाळीस दिवस थोड्या भातावर राहिले. आणि 1829 साली त्याच 24 ऑक्टोबर रोजी त्यांनी अमेरिकेतील आप्तांस जे पत्र लिहिले त्यात कबूल केले की देवावर माझा विश्वास आहे, पण तो मला सापडत नाही. माझ्यापुरता तो अगदी अनोळखी झाला आहे. ज्याने ब्रह्मी लोकांस देवाचे नाव सांगण्यात सोळा वर्षे घातली त्याच्या हातचे हे लिहिणे होय.

आता ह्याविषयी आमचे मत आम्ही उघड सांगतो. कबर खणण्याची ती रीत आम्हांस पसंत नाही, आणि कोणी तिचे अनुकरण करावे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या ह्या देशात देहाला छळून देव मिळविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. उपास, अरण्यवास, अंगाला राख हे सर्व आपल्या पूर्वजांनी करून पाहिले, आणि कृपा फुकट मिळते हे ऐकून तर आपण प्रभूकडे वळलो. जडसनसाहेब हेच फुकट कृपेचे वर्तमान घेऊन आले होते, आणि दुःखाच्या भरात तेच किंमत मोजू लागले. त्यांचा गर्व काही खोटा नव्हता, त्याविषयी पश्चात्तापही योग्यच होता. पण दोन वर्षे कबरेत डोकावून गर्व गेला असे चरित्रात कोठे दिसत नाही.

परंतु त्याच चरित्रात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती फार लोक सांगत नाहीत. त्या दिवसांत त्यांनी काम टाकिले नाही. नव्या कराराच्या भाषांतराची दुरुस्ती ह्याच काळात झाली. ब्रह्मी लोकांसाठी लहान पुस्तके ह्याच काळात लिहिली गेली. मनास चव नसताना ते सकाळी उठून पुढची ओळ घेत. पवित्र शास्त्रात 88 वे स्तोत्र असे आहे की ते आरंभापासून शेवटपर्यंत विलापच करिते, आणि त्याचा शेवट काळोखात होतो. आशेची एक ओळ मागून जोडलेली नाही. तरी ते देवाला उद्देशून म्हटलेले आहे, आणि देवाच्या लोकांनी ते आपल्या गीतांत राहू दिले. हे स्तोत्र ब्रह्मी भाषेत आणणारा हात ह्याच मनुष्याचा. देव सापडत नाही अशी ज्याची तक्रार होती त्याने त्याचे वचन खाली ठेविले नाही. हा विश्वास की अविश्वास, ह्याचा निकाल वाचकांनीच करावा. आम्ही तर त्यास विश्वासच म्हणू, आणि तोही हलका नव्हे.

आणखी एक गोष्ट. साहेब दिवसा जंगलात जाऊन प्रार्थना करीत बसत हे मोलमीनच्या मंडळीतील एका वृद्ध डीकनने पाहिले. त्या रानात वाघ होते. त्याने साहेबांस उपदेश केला नाही, शास्त्रवचने ऐकविली नाहीत. तो गुपचूप गेला, त्या जागी बांबूची बैठक केली, आणि वरती फांद्या गुंफून सावली केली, असे सांगतात. ही सेवा कोणी केली हे साहेबांस बरेच दिवस कळले नव्हते. आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की ही गोष्ट त्यांनी नीट वाचावी. एखादी बाई मूल पुरून आली आणि देव माझे ऐकत नाही असे बोलली, तर तिला तेथल्या तेथे ईयोबाच्या मित्रांप्रमाणे कारणे सांगू नयेत. गावचे इतर लोक तिला म्हणतच असतात की ग्रामदेवता कोपली, कुळाचार सोडल्याचे हे फळ. तिच्या बोलण्याला अविश्वास म्हणून तिची नोंद करण्यापेक्षा तिच्या घरी पाणी भरून ठेवावे. ती देवाविषयी कुरकुर करीत असली तरी त्याच्याविषयीच बोलत आहे. जडसनसाहेबांच्या मंडळीने त्यांस टाकिले असते तर ब्रह्मी पवित्र शास्त्राचे काय झाले असते हे सांगता येत नाही.

मग प्रकाश कसा आला? वाचकांस एखादे स्वप्न किंवा दर्शन ऐकावयाचे असेल तर ते येथे नाही. 1829 साली त्यांचा धाकटा भाऊ एलनेथन अमेरिकेत वारला. ह्या भावाच्या आत्म्याविषयी त्यांस फार वर्षे चिंता होती. तो प्रभूवर भरवसा ठेवून गेला असे पत्र आले, आणि ते वाचून त्यांचे मन काहीसे मऊ झाले असे त्यांचे चरित्रकार म्हणतात. 1830 साली ते प्रोम शहरी जाऊन धर्मशाळेत बसून उपदेश करू लागले. तेथे पुढे विरोध झाला व निघावे लागले, परंतु झोपडीत ते परत जाऊन बसले नाहीत. 1831 च्या आरंभी रंगूनच्या मोठ्या पॅगोडाची जत्रा भरली, तेव्हा दूरदूरचे लोक, काही तर सयामच्या व चीनच्या सरहद्दीवरून, त्यांचे घर विचारीत आले. कोणी म्हणे अनंतकाळच्या देवाविषयी लिहिलेले काही द्या. कोणी विचारी की येशू ख्रिस्ताचा मनुष्य तो तुम्हीच काय? सुमारे सहा हजार माणसे त्या दिवसांत दारी आली. पत्रके पुरेनात. पुढे ते करेण लोकांच्या डोंगरी खेड्यांत फिरले. ते लोक गरीब, ब्रह्मी राज्यकर्त्यांनी दडपलेले, आणि त्यांच्यात शुभवर्तमान वणव्यासारखे पसरत होते. ह्या पायी प्रवासांत जडसनसाहेबांची कळा पालटली. कोणत्या दिवशी काळोख गेला असे विचारले तर तारीख देता येत नाही. गेलेल्या वर्षांचा अर्थ काय होता हे देवाने त्यांस सांगितल्याचेही कोठे लिहिलेले नाही.

31 जानेवारी 1834 रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. शेवटचे पान हाती घेऊन ते गुडघ्यांवर पडले. त्याच वर्षी त्यांनी सेरा बोर्डमन ह्या विधवा मिशनरी बाईंशी विवाह केला. ह्या बाईंनी यात्रेकरूची वाटचाल हे पुस्तक ब्रह्मी भाषेत आणिले. त्यांस आठ मुले झाली, सगळी जगली नाहीत. 1845 साली अमेरिकेस जाताना सेंट हेलेना बेटाजवळ सेराबाईही वारल्या. तेव्हाही शोक मोठा झाला; परंतु कबर खणली गेली नाही, झोपडी बांधली गेली नाही. तेहतीस वर्षांनी ते मायदेशी पोहोचले तेव्हा लोकांचे थवे ऐकावयास आले. साहेबांचा आवाज बसला होता. ते हळू बोलत व दुसरा मनुष्य ते मोठ्याने सांगे. लोकांस वाघांच्या व तुरुंगाच्या गोष्टी हव्या होत्या, आणि साहेब केवळ प्रभू येशूविषयी बोलत, म्हणून काही जण निराशही झाले.

1846 साली एमिली चबक ह्या बाईंशी तिसरा विवाह करून ते परत आले. इंग्रजी-ब्रह्मी शब्दकोश त्यांनी 1849 साली संपविला. दुसरा भाग अपुरा राहिला, तो मागाहून सोबत्यांनी पुरा केला. त्यांचे भाषांतर त्या देशातील मंडळ्यांत आजही वाचण्यात आहे.

त्यांचे जुने सोबती हॉलसाहेब फार आधी गेले होते. 20 मार्च 1826 रोजी, अ‍ॅनबाईंच्या मृत्यूच्या सात महिने आधी, नाशिककडील खेड्यांत उपदेश करीत फिरताना महामारीने ते एका देवळाच्या ओसरीवर वारले. जवळ कोणी गोरा मनुष्य नव्हता. जडसनसाहेबांसही आप्तांमध्ये मरण आले नाही. 1850 च्या आरंभी ते फार आजारी पडले. समुद्राच्या हवेने गुण येईल म्हणून त्यांस पालखीतून जहाजावर नेले. एमिलीबाई बाळंतपणाच्या बेतात असल्यामुळे मोलमीनलाच राहिल्या. 12 एप्रिल रोजी बंगालच्या उपसागरात त्यांनी प्राण सोडला, आणि त्याच संध्याकाळी प्रेत समुद्रात सोडण्यात आले. दहा दिवसांनी एमिलीबाईंस मुलगा झाला, तो मृतच जन्मला. नवरा गेला ही बातमी त्यांस सुमारे चार महिन्यांनी कळली.